'मेंटॉर'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला एक मेंटॉर, म्हणजे सोबत राहून शिकवणारा अनुभवी सहकारी, मिळतो, बहुतेकदा परदेशातल्या शाखेतला. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी या योजनेचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच शब्दाला अडले. 'मार्गदर्शक' लिहिलं, खोडलं. मार्गदर्शक वाट दाखवतो आणि तिथेच उभा राहतो.

'गुरू' तर मला नकोच आहे. माझ्या टीममधल्या घणसोलीच्या एका मुलीला म्युनिकचा मेंटॉर होता. तो म्हणेल त्याला ती 'हो' म्हणायची. तीन महिन्यांनी त्याने मला कळवलं की हिला स्वतःचं मत दिसत नाही. मत होतं हो, रोज डबा खाताना मला सांगायची! त्याच्यासमोर बोलणं तिला आगाऊपणाचं वाटत होतं. गुरू म्हणजे जड, आणि वृत्तात गुरूच्या जोडीला लघु असतो. एकाला गुरू म्हटलं की दुसरा न सांगता लघु होतो.

मेंटॉर हे मुळात ग्रीक महाकाव्य 'ओडिसी'मधल्या माणसाचं नाव. युद्धाला जाताना ओडिसियस त्याच्यावर घर सोपवून गेला. पुढे मुलगा टेलेमॅकस वडिलांचा ठाव घ्यायला निघाला, तेव्हा मेंटॉरचं रूप घेऊन अथेना देवी त्याच्यासोबत जहाजात बसली. हे सोबत निघणं शब्दात यायला हवं. म्हणून 'वाटाड्या' कसा वाटतो?

प्रतिसाद: वाटाड्या गडाच्या पायथ्याशी घ्यायचा आणि खाली उतरलं की पैसे देऊन निरोप. वर्षभराची सोबत त्यात नाही. 'वस्ताद' म्हणा. तालमीत वस्ताद स्वतः लाल मातीत उतरतो आणि पठ्ठ्याला डाव शिकवतो.

प्रतिसाद: 'मोठा वस्ताद आहे' म्हणजे बेरकी आहे, हा अर्थ आता पुसणार नाही. आपल्याकडे पालकमंत्री आहेत, पालक सचिव आहेत. 'पालक अधिकारी' लगेच रुळेल.

पालक आला की समोर मूल आलं. घणसोलीच्या मुलीची अडचण तशीच राहिली.

प्रतिसाद: मी महाप्याला जपानी कंपनीत नऊ वर्षं काढली. तिथे 'सेनपाई', म्हणजे आपल्या आधी लागलेला सहकारी. 'सेन्सेई' वेगळा, त्याचा शब्दशः अर्थ आधी जन्मलेला, आपला अग्रज! सेनपाईला मीटिंगमध्ये खोडून काढत नाहीत. कामानंतर तो जेवायला नेतो, बिल बहुधा तोच देतो, आणि मनातलं तेव्हा बोलायचं. तुमच्या त्या मुलीचं गप्प राहणं माझ्या सेनपाईला खटकलं नसतं. जेवताना त्याने स्वतःच विचारलं असतं.

हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे मुलीत खोट नव्हती आणि म्युनिकच्या माणसातही नव्हती. बोलायची जागा कोणती, हे दोघांना कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं. पत्रकात शब्दाखाली एक ओळ घालते: 'पटलं नाही तर कुठे आणि कसं सांगायचं, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.'

प्रतिसाद: आम्ही दिवा कोळीवाड्याचे. होडीवर पोरगा तांडेलाबरोबर, म्हणजे होडीच्या प्रमुखाबरोबर, जाऊन शिकतो. शिकवणाऱ्याला वेगळं नाव नाही. 'अमक्याच्या हाताखाली तयार झाला' एवढंच म्हणतात.

'हाताखाली तयार होणे', 'तालमीत तयार होणे'. मराठीने नामाऐवजी क्रियापदात हे ठेवलंय, किती छान! तरी पत्रकाला नाम लागतंच. सध्या 'वाटाड्या सहकारी' लिहिते. मेंटॉर ज्याला मिळतो त्याच्यासाठी मात्र मला 'उमेदवार' फार आवडतो, त्यात उमेद आहे. पण वाचणाऱ्याला निवडणूक आठवेल का?

प्रतिसाद: आयटीआयवाल्यांना नाही आठवणार. १९६१च्या अप्रेंटिस कायद्यापासून आम्ही शिकाऊ उमेदवारच. मी रबाळ्याच्या कारखान्यात वर्षभर उमेदवारी केलीय.