गावच्या गाड्यांवर निळे दिवे बसवण्याबाबत

प्रेषक : सभासद, पेनसिल्व्हेनिया

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

गेल्या वैशाखात माझ्या गावी, म्हणजे राळेगाव तालुक्यात वडकी फाट्यापासून आत, एक गोठा आणि शेजारचा कुटाराचा ढीग जळून खाक झाला, हे आपणांपैकी काहींना ठाऊक आहे. मी येथील स्वयंसेवी अग्निशमन दलात सहा वर्षांपासून काम करतो. हाक आली की आम्ही घरच्याच गाडीत निळा दिवा लावून निघतो आणि पुढच्या गाड्या बहुधा बाजूला होतात. गावातील चार बोलेरो व दोन ट्रॅक्टर यांवर असे दिवे बसवून द्यावेत आणि त्याचा खर्च मंडळाच्या मदतनिधीतून करावा, असा माझा प्रस्ताव आहे. गावी असलेल्या माझ्या गुरुजींनाही मी या पत्रव्यवहारात सामील करून घेतले आहे.

प्रेषक : सभासद, न्यूयॉर्क

नमस्कार.

निधी मंजूर करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, अशी विनंती आहे. दिव्याच्या रंगाचा अर्थ राज्याची सीमा ओलांडताच बदलतो. आमच्या राज्यात स्वयंसेवी अग्निशामकाला निळा आणि स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकाच्या सभासदाला हिरवा दिवा लावता येतो, पण त्यासाठी पथकप्रमुखाची लेखी परवानगी लागते. फ्लोरिडात निळा रंग पोलिसांसाठी राखलेला आहे. तेथे स्वयंसेवक लाल दिवा लावतात, आणि तोच निळा दिवा त्यांच्या गाडीवर दिसला तर तो गुन्हा ठरतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात स्वयंसेवी अग्निशामकाचा दिवा हिरवा असतो, तर निळा दिवा बर्फ काढणाऱ्या गाडीवर लुकलुकतो. ब्रिटनमध्ये तातडीच्या रुग्णाकडे निघालेल्या डॉक्टरला हिरवा दिवा लावण्याची मुभा आहे.

याहून महत्त्वाचे असे की, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया व ओंटारिओ येथे खासगी गाडीवरचा हा दिवा ही केवळ विनंती असते. वेगमर्यादा ओलांडण्याचा किंवा लाल सिग्नल तोडण्याचा कोणताही अधिकार त्याने मिळत नाही. समोरच्याने वाट दिली तर तो त्याचा चांगुलपणा समजायचा. भारतात नियम काय आहे, हे गुरुजींनी सांगितले तर बरे होईल.

प्रेषक : गुरुजी, राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ

मंडळातील सर्व मंडळींस नमस्कार आणि चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव मी दोनदा वाचला. इतक्या दुरून तू गावाची काळजी वाहतोस, याचे मला फार समाधान आहे. तरीही दिव्यांना माझा विरोध आहे आणि त्याची कारणे मी सविस्तर लिहितो.

परिवहन खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांशी मी बोललो. आपल्याकडे 'लाल दिवा मिळाला' म्हणजे मंत्रिपद मिळाले, इतकी त्या दिव्याची आणि सत्तेची सांगड होती. १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च घटनात्मक पदांपुरता मर्यादित करण्याचा निकाल दिला आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने तो राष्ट्रपती व पंतप्रधान यांच्या गाड्यांवरूनही काढून टाकला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम १०८ प्रमाणे तांबडा, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा आता केवळ आग विझवणे, पोलीस, संरक्षण व निमलष्करी दलांनी कायदा व सुव्यवस्था राखणे आणि पूर, भूकंप अशा आपत्तींचे निवारण करणे, या कामांसाठी नेमून दिलेल्या वाहनांनाच लावता येतो, आणि तोही काम चालू असेपर्यंतच. त्या वाहनाच्या पुढच्या काचेवर परिवहन खात्याने दिलेले स्टिकर असावे लागते. रुग्णवाहिकेचा दिवा वेगळा असतो. त्याची काच जांभळी असते. शेतकऱ्याच्या बोलेरोला यांपैकी कशातही जागा नाही.

न्यूयॉर्कच्या सभासदांनी विनंतीचा जो मुद्दा मांडला आहे, त्याने माझ्या मनातील बराच गुंता सुटला. आपल्याकडे आपत्कालीन वाहनाचा दिवा ही विनंती मानलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९४-ई नुसार अग्निशमन वाहनाला, रुग्णवाहिकेला किंवा राज्य सरकारने ठरवलेल्या अन्य आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या दिव्यापाठीमागे एवढी सक्ती उभी आहे, तो सरकार वाटेल त्याच्या हाती देणार नाही, आणि देऊही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुझ्या तिकडे दिवा वाट मागतो. येथे तो हुकूम करतो. दोन्हींचा रंग सारखा असला तरी ती वस्तू एक नव्हे.

आता जे तुला तेव्हा कळवले नाही, ते सांगतो. आदल्या दिवाळीत तू एक निळा दिवा भेट म्हणून आणला होतास. तळाशी रबरी चकती, ती काचेला दाबली की घट्ट चिकटते, आणि गुंडाळीदार वायरीचे टोक गाडीतल्या लायटरच्या भोकात बसते. पोरांना त्याचे फार अप्रूप होते. गोठा पेटला तो दिवस लग्नसराईतला होता आणि दुपारचा दीड वाजला होता. तालुक्याच्या बंबाला फोन झाला. बंबाला गाव सापडावे म्हणून एक मुलगा बोलेरो घेऊन फाट्याकडे निघाला आणि लवकर पोहोचावे म्हणून त्याने तुझा दिवा लावला. फाट्याच्या बऱ्याच अलीकडे गस्तीवरील पोलिसांनी त्याला थांबवले, दिवा कोणाचा, स्टिकर कोठे आहे, असे विचारले आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यांचे काही चुकले नाही. निळा दिवा लावलेली खासगी गाडी पाहिल्यावर त्यांनी हेच करायला हवे होते. आग लागल्याची खात्री पटल्यावर त्यांनी मुलाला समज देऊन सोडले. या दहा-बारा मिनिटांत बंब महामार्गाने फाटा ओलांडून पांढरकवड्याच्या दिशेने पुढे निघून गेला, कारण फाट्यावर वाट दाखवायला कोणी नव्हते आणि आपल्या गावाच्या पाटीवरची अक्षरे केव्हाच पुसली गेली आहेत. तो मुलगा आजही त्या गोठ्याच्या जागेवरून जात नाही.

विहिरीवर मोटर होती, पण लाईन नव्हती. शेतीची थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. शेजारचे घर वाचले ते लग्नघरी आणलेल्या पाण्याच्या टँकरमुळे. ट्रॅक्टरवाल्याने तो पांदण रस्त्याने थेट गोठ्यापाशी आणला, पण त्याला पंप नसल्याने तोटीखाली एकेक बादली भरून माणसांच्या रांगेतून पुढे द्यावी लागली. बायांनी लग्नातल्या घागरी आणल्या. चार हजार लिटर पाणी जवळ असताना आगीवर ते बादलीबादलीने पडत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून मंडळाकडे माझे मागणे असे आहे : टँकरवर बसेल असा डिझेलवर चालणारा पंप आणि पन्नास-साठ मीटर पाइप; फाट्यावर, आणि आत पांदण फुटते तेथे, रात्री गाडीच्या उजेडात चमकणारी पाटी; आणि फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत एक टँकर कायम भरलेला ठेवण्याची ग्रामपंचायतीशी लेखी बोलणी. फाट्यावर उभे राहण्यासाठी दोन मुलांची पाळी मी स्वतः लावून देतो. त्यांना दिव्याची गरज नाही, हातात लाल फडके पुरेल.

प्रेषक : सभासद, पेनसिल्व्हेनिया

गुरुजींस साष्टांग नमस्कार.

मी दिव्यांचा प्रस्ताव मागे घेतो. त्या मुलाला मी आज रात्री फोन करणार आहे. दिवा मी आणला होता आणि तो लावण्यापूर्वी नियम विचारणे हे माझे काम होते, हे त्याला माझ्या तोंडून कळले पाहिजे. पंप, पाइप व दोन पाट्या यांसाठी निधी देण्याचा नवा प्रस्ताव मी चिटणीसांकडे पाठवत आहे. पंपाला कोणत्या मापाची जोडणी लागेल, हे ठरवण्यासाठी टँकरच्या तोटीचा व्यास इंचांत मोजून कळवावा. माझा चुलतभाऊ पुढील महिन्यात गावी येईल, त्याच्याकडे तो निळा दिवा परत द्यावा.