बाबांचं ट्रायग्लिसराइड ४१२! काय खायला द्यावं? (लवकर सांगा)

धानकरी: बाबांचा रिपोर्ट आला, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४१२. तेव्हापासून तेल बंद, तूप बंद, अंडं बंद. बाबा रुसून बसले. उद्या आठवडी बाजार आहे, काय आणायचं तेवढी यादी द्या. डॉक्टरकडे जा असं सांगू नका, ते मलेही समजते.

वऱ्हाडी_माणूस: जवस! भाजून चटणी करा. आमच्या तीन पिढ्या खाऊन रायल्या, कोणाले काही नाही.

लॅबवाला_दादा: रक्त उपाशीपोटी दिलं होतं का? वय? शुगर?

धानकरी: वय ५८. चहा-टोस्ट घेऊन गेले, त्यानं काय होते? आदल्या रात्री लग्नात जेवले. शुगर नाही. म्हणजे तपासली नाही.

लॅबवाला_दादा: होते न बाप्पा! १५० च्या आत पाहिजे. १०-१२ तास उपाशी ठेवून पुन्हा करा, सोबत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) अन् टीएसएच (थायरॉइडची तपासणी). शुगर बेकाबू असली तरी हा आकडा चढते. ५०० च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज यायची भीती, तिथं चटणी पुरत नाही.

मीनाताई: फोडणी काहून बंद केली? जास्तीची साखर, मैदा, भात यांचंच लिव्हर ट्रायग्लिसराइड बनवते. भात दोन्ही वेळ का? चहात साखर किती?

धानकरी: ताई, आमच्याकडे धान, तुमच्या वऱ्हाडासारखी ज्वारी नाही. चहाचा थर्मास बांधावर जाते. कपाला दोन चमचे.

मीनाताई: मग बाजारातून साखर आणूच नका. भात एक वाटी, घट्ट वरण, वर अंबाडीची नाहीतर चवळीची भाजी. आलूबोंडा, जिलेबी तिथंच सोडून या. अन् वजन? पोट सुटलं असेल तर ५-१० टक्के उतरवलं तरी आकडा बराच खाली येते.

तलावकाठ: जवसापेक्षा मासोळी. जवसातलं ओमेगा-३ (चांगली चरबी) अंगात फार थोडं कामी येते. आठवड्यातून दोनदा रस्सा, तळून नाही.

वऱ्हाडी_माणूस: माळकऱ्यानं काय करावं मग? मासोळी विकता काय तुम्ही?

तलावकाठ: हो, विकतो. तरी खरं आहे.

गुडघेदुखी: आमच्या मंडळीचं युरिक अ‍ॅसिड ८ आहे, टमाटर चालते का?

लॅबवाला_दादा: वेगळा धागा काढा भाऊ. धानकरी, एक राहिलं. बाबा घेतात का? मोहाची असो की दुकानातली.

धानकरी: हा धागा आई वाचते.

लॅबवाला_दादा: समजलं. मग भात-साखर मागून, आधी ते बंद.

वऱ्हाडी_माणूस: जवसाचा भाव काय आहे तिकडे?