शब्दचर्चा: बॉक्सिंगमधल्या 'टेक्निक'ला मराठीत काय म्हणायचं?

परवा मित्राशी नेहमीचा वाद झाला, टेक्निकमध्ये भारी कोण, जुन्या पिढीतला जो लुई की हल्लीचा मेवेदर. अर्धा तास घसा कोरडा केल्यावर लक्षात आलं की टेक्निक हा एकच शब्द धरून आम्ही दोन वेगळ्याच गोष्टी बोलतोय. तो म्हणतोय लुईचा ठोसा बघ कसा आखूड, सरळ, पाय रोवलेले, उगाच हालचाल नाही. मी म्हणतोय मेवेदरला मुळात ठोसा लागतच नाही. मग म्हटलं मराठीत नीट शब्द शोधू, तर पेपरात सगळ्याला सरसकट 'तंत्र'. आता तंत्र म्हटलं की मला तंत्रशुद्ध फलंदाज आठवतो, कोपर वर, बॅट पॅडला चिकटलेली. त्या मापाने मोहम्मद अली चक्क नापास, हात कमरेशी, आणि ठोसा आला की बाजूला सरकायचं सोडून सरळ मान मागे, जे नवशिक्याने केलं तर कोच कान धरेल. पण अलीच्या अंगी कसब नव्हतं असं कोण म्हणेल? तर तंत्र, कसब, हातोटी यात तुम्ही लोक फरक कसा करता?

प्रतिसाद:
कसब मला जवळचा वाटतो. सुताराला, सोनाराला कसबी म्हणतो तसं, काम करून करून आलेलं. त्यासाठी आपल्याकडे 'हात बसणे' आहेच. जुन्या लोकांचे हात बसलेच होते, विली पेपच्या कारकिर्दीत २४१ लढती, शुगर रे रॉबिन्सनच्या दोनशेच्या आसपास. मेवेदरच्या ५०. आता ५० पैकी ५० जिंकल्या हे खरं, पण कसब म्हणाल तर माझं मत पेपला. एक राउंड त्याने एकही ठोसा न मारता नुसता चुकवत जिंकला अशी १९४६ सालची दंतकथा आहे, खरं-खोटं यावर अजून भांडणं चालतात, पण अशी दंतकथा दुसऱ्या कुणाबद्दल का नाही तयार झाली?

प्रतिसाद:
लढती मोजायच्या तर लोमाचेन्कोचं काय करणार? व्यावसायिक जेमतेम वीसेक, पण त्याआधी हौशी गटात चारशेच्या घरात, फक्त एक हरला, वर २००८ आणि २०१२ची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. हात बसायला पैसेच मिळाले पाहिजेत असं थोडंच आहे.

जाता जाता, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत फिरकीला पुढे सरसावणाऱ्याचं 'पदलालित्य' असायचं. तो शब्द फुटवर्कला मी वापरत नाही, फार नटवा वाटतो. पण लोमाचेन्कोला चालेल, कारण त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी खरंच युक्रेनी लोकनृत्य शिकायला पाठवलं होतं!

प्रतिसाद:
अवांतर: ठोसा, गुद्दा, बुक्की एकच नव्हेत हं. गुद्दा पाठीत बसतो, बुक्की नाकावर, आणि 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' यात मारणाऱ्याचं कौशल्य काहीच नसतं. रिंगमध्ये ठोसाच. जॅबला (पुढच्या हाताने झटकन मारलेला सरळ ठोसा) आमच्या घरात 'टोमणा' म्हणतात, एकाने काही होत नाही पण बारा राउंड ऐकून घ्यावे लागले की माणूस खचतो.

प्रतिसाद:
टोमणा बेस्ट 😀

प्रतिसाद:
मी कुस्तीवाल्या घरातला, त्यामुळे माझा शब्द वेगळा आहे: तोड. तालमीत पोराला डाव शिकवतात तेव्हा त्याची तोडही शिकवतात, घिस्सा मारला तर सुटायचं कसं वगैरे. पेपरवाले काउंटरपंचला 'ठोशाला ठोसा' करतात ते मला पटत नाही, ते म्हणजे तू मारलंस म्हणून मी मारलं, सूडाची भाषा झाली. काउंटरमध्ये समोरच्याचा ठोसा निघाल्यामुळे जी फट पडते तिच्यात मारायचं असतं, ती तोड आहे.

आणि पिढ्यांची तुलना करायची तर मी तंत्र-बिंत्र बघत नाही, कुणाची तोड कुणाला सापडली ते बघतो. लुईचं एवढं कौतुक चाललंय, पण डावा जॅब मारून झाला की तो हात खालून परत यायचा, ते श्मेलिंगने हेरलं आणि १९३६ला त्याच फटीतून उजवा घालून घालून १२व्या राउंडला झोपवला. (दोन वर्षांनी लुईने पहिल्याच राउंडला, २ मिनिटं ४ सेकंदांत हिशेब चुकता केला, तिथे मात्र 'ठोशाला ठोसा' खुशाल म्हणा.) अलीचंही तेच. उजव्या हाताने खालून वर मारायला गेला की तो हात पडतो आणि गाल उघडा राहतो हे त्याचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझरच्या कोपऱ्यातला प्रशिक्षक एडी फुच याला दिसलं होतं, १९७१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १५व्या राउंडला फ्रेझरचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला आणि अली पाठीवर. पण उठला! टेक्निकच्या चर्चेत त्या उठण्याला कुठे बसवायचं ते मला कळलेलं नाही.

म्हणून मेवेदरला मी मानतो, आवडत नसला तरी. त्याची तोड कुणाला पुरती सापडली नाही, आणि 'तोड नाही' हा शब्दप्रयोग अक्षरशः खरा ठरतो अशी माणसं थोडीच.

धागाकर्ता:
दादा, तोड एक नंबर. आता मी मित्राला हेच सांगणार. मग स्लिपला काय?

प्रतिसाद:
झुकांडी! झुकांडी देणे. हल्ली पोलिसांना चोर देतात तेवढीच उरलीय बिचारी, पण झुकून निसटायचं हे त्या शब्दात ऐकूच येतं. फेंटला हूल आहे, हुलकावणी आहे. आणि मेवेदर खांदा पुढे करून त्यावरून ठोसा घसरवतो त्याला मी 'अंग चोरणे' म्हणेन, फक्त मराठीत त्याचा कामचुकार असाही अर्थ असल्यामुळे त्याचे फॅन मारायला येतील. पर्नेल व्हिटेकरला पण तेच लागू. १९९३ला सॅन अँटोनियोत तो चावेझसमोर, म्हणजे तोवर ८७ लढतींत न हरलेल्या माणसासमोर रात्रभर अंग चोरत, टोमणे मारत खेळला, बघणाऱ्या बहुतेकांना तोच जिंकला असं वाटलं आणि पंचांनी लढत बरोबरीत सोडवली. अंग चोरणाऱ्याला श्रेय देताना पंच पण हात आखडता घेतात.

प्रतिसाद:
हे सगळं ठीक, पण रिंग चौकोनी असते त्याचं काय ते आधी ठरवा. रिंगण म्हणायचं की चौकट?

धागाकर्ता:
आखाडा म्हणा आणि सोडा 🙏 माझा खरा अडलेला शब्द साउथपॉ आहे, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून उभा राहणारा. व्हिटेकर, लोमाचेन्को, उसिक सगळे त्यातले. डावखुरा म्हणावं तर ऑस्कर दे ला होया डावखुरा असून उभा मात्र सगळ्यांसारखा डावा पाय पुढे ठेवून राहायचा, म्हणजे प्रश्न हाताचा नाहीच, पवित्र्याचा आहे. पट्टा-लाठीवाल्यांकडे उजवा पाय पुढे असलेल्या पवित्र्याला काही नाव आहे का? कुस्तीवाले दादा, तुमच्या घरात कुणाला विचारून बघता का?