जुन्या ट्रकची केबिन घरी नीट करताना: तुमचे अनुभव सांगा

आमच्या दारात १९८८ सालची टाटा १२१० एसई उभी आहे. वडिलांनी तिच्यावर २६ वर्षं काढली. सोलापूरच्या मार्केट यार्डातून कांदा भरायचा, हैदराबादला उतरवायचा, येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. आता ती धंद्यात नाही, पण विकवतही नाही. गेल्या दिवाळीपासून सुट्टीच्या दिवशी अंगणातच तिची केबिन आतून नव्याने करायला घेतली आहे.

ज्यांनी ही पिढी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा कंपनीकडून बऱ्याचदा चासी (खालचा सांगाडा) आणि पुढचा काउल (इंजिनाकडचा, काचेखालचा पत्र्याचा भाग) एवढंच यायचं. केबिन बॉडीवाला बांधायचा. लाकडाची चौकट, बाहेरून पत्रा, आतून प्लायवुड आणि रेक्झिन. त्यामुळे दोन १२१० आतून सहसा सारख्या नसतात आणि आतला भाग दुकानात तयार मिळत नाही. जुना तुकडा हाच नव्याचा नमुना. हे मला उशिरा उमगलं. पहिल्याच रविवारी दोन्ही दारांची आतली पॅनेलं मी उपटली आणि पाण्याने फुगलेली म्हणून भंगारात देऊन टाकली. मग नव्या प्लायवर काचेच्या हँडलचं भोक कुठे पाडायचं, क्लिपा कुठे बसायच्या, काही कळेना. तीन पॅनेलं वाया गेली. आता कुजकं, फाटकं काहीही असो, नवं बसेपर्यंत फेकत नाही. मागे खडूने 'डावं', 'उजवं', 'वर' लिहून माळ्यावर ठेवतो.

तळाची मॅट उचलली तर खाली तरट, आणि तरटाखाली पत्रा चाळणीसारखा. तरट पाणी धरून ठेवतं, गंज आतल्या आत चालू राहतो. क्लचच्या पायाखालचा वीतभर तुकडा कापून १८ गेजचा पत्रा वेल्डिंग करून घेतला. बॅटरीच्या वायरी आधी सोडल्या होत्या. बाकीचा तळ वायर ब्रशने घासला, रेड ऑक्साइड मारलं, वर दोन हात रंग. पाणी जायची मूळची भोकं मातीने बुजलेली होती, ती उघडली. पुन्हा तरट टाकलं नाही, नुसती रबरी मॅट टाकली. धुवायची असली की उचलता येते.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. या गाडीत इंजिन अर्धं केबिनच्या आत येतं. त्याच्या झाकणाखाली पांढुरका, तंतू सुटलेला पत्रा निघाला. मी पटाशीने खरवडायला बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या मिस्त्रींनी हात धरला. असा जुना पत्रा अॅस्बेस्टॉसचा असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर पडत नाही. मग पाणी मारून ओला केला, मास्क लावला, न मोडता सोडवला आणि दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधला. करवत, ब्रश काही लावलं नाही. त्या जागी आता फॉइल लावलेली ग्लासवूल आहे.

आता सीटची पाळी. वडील रोज संध्याकाळी खुर्ची टाकून काम बघत बसतात. बोलत फारसे नाहीत. परवा फक्त एवढंच म्हणाले, "गादी मऊ करू नको."

ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी लिहा. काय टिकलं, काय वाया गेलं, सोलापूरच्या उन्हात कशाने दगा दिला. छोटी गोष्टही चालेल.

बाळ्याहून (बाळे, सोलापूर)

वडिलांचं ऐका. मी ३१ वर्षं स्टेअरिंग धरलंय, आता मुलगा धरतो. मऊ गादी पहिले दहा किलोमीटर बरी वाटते. मग माणूस रुततो, कंबर मागे वाकते आणि नळदुर्ग यायच्या आत पाठ बोलायला लागते. आमच्या गाडीत खाली रबराइज्ड काथ्याचा थर आहे, वर ४० डेन्सिटीचा दोन इंच फोम. ३२ चा फोम स्वस्त मिळतो, पण ड्रायव्हरच्या सीटला घालू नका, वर्षात बसतो. पुढची कड गोल ठेवा. ती टोकदार राहिली की मांडीखालची शीर दाबते, पायाला मुंग्या येतात आणि ब्रेकवरचा पाय जड होतो. नटवायचं ते नंतर नटवा, आधी सीटची उंची आणि पेडलपर्यंतचं अंतर बसणाऱ्या माणसाच्या मापाने घ्या.

दुसरं रेक्झिनचं. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली की रेक्झिनवर बसवत नाही. आम्ही जन्मभर वर सोलापुरी चादर टाकत आलो. सुती असल्याने घाम शोषते, धुतली की पुन्हा तयार. फक्त ती घसरते, म्हणून चार कोपऱ्यांना नाड्या शिवून सीटच्या खाली बांधायची. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. फार चांगलं झालं. आमच्या डाव्या पायाच्या पोटरीला इंजिनाची झळ बसून बसून तिथली कातडी कायमची काळी पडली आहे. तुम्ही ग्लासवूल घातली ते योग्यच केलं.

साखर पेठेतून

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. यजमानांची टाटा ४०७ आहे, १९९६ ची. कुशनवाल्याचा दर ऐकल्यावर मीच म्हटलं, मशीन घरात आहे, मी शिवते. नेहमीच्या घरगुती मशीनवर हे काम होत नाही, माझी जड कामाची आहे म्हणून जमलं.

कापडाची टीप चुकली तर उसवता येते. रेक्झिनला सुई एकदा गेली की भोक कायमचं. म्हणून टाचण्या लावायच्या नाहीत, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरायचं. पहिलं कव्हर मी सवयीने शर्टासारखी बारीक टीप घालून शिवलं. दिसायला फार सुरेख झालं. दोन महिन्यांत टिपेच्या रेषेवरून सरळ फाटलं, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं. जवळजवळ पडलेल्या भोकांनी रेक्झिन कमजोर होतं. दुसऱ्या वेळी टीप ४ ते ५ मिलिमीटरची ठेवली, सुई १८ नंबरची आणि चार पदर येतात तिथे २१ ची. दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा घामाने कुजतो. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटून अडत होता, तिथे थोडी पावडर भुरभुरली की सरकतो.

जुनं कव्हर ब्लेडने उसवून प्रत्येक तुकड्यावर बाण काढले. आखडलेले तुकडे वजनाखाली ठेवून सपाट केले, खाकी कागदावर उतरवले आणि शिलाईसाठी अर्धा इंच वाढवला. फोम मात्र कव्हरापेक्षा थोडा मोठाच कापायचा. बरोबर मापाचा कापला तर कव्हर सैल दिसतं, सुरकुत्या पडतात. फोम कात्रीने कापू नका, कड वाकडी येते. हॅक्सॉचं ब्लेड चांगलं चालतं.

चढवताना खरी कसरत. दोघांनी ओढूनही पाठीचं कव्हर खाली येईना. मग दुपारी दोन वाजता ते पत्र्यावर उन्हात टाकलं. सासूबाई दारातून ओरडल्या, "काय करूलालीस गं एवढ्या उन्हात?" पंधरा मिनिटांनी रेक्झिन सैल पडलं, फोमला पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि कव्हर घसरत खाली बसलं. प्लास्टिक मग ओढून काढलं. संध्याकाळी गार झाल्यावर सीट अशी ताठ झाली की यजमान हात फिरवतच राहिले.

बसायच्या आणि पाठीच्या मधल्या भागाला मी रेक्झिन घातलंच नाही. डाग असलेली एक सेकंड चादर घेतली, तिला मागून कॅनव्हास जोडला, कारण नुसती चादर ओढली की ताणते, आणि ती मधे बसवली. कडा रेक्झिनच्या. तीन उन्हाळे झाले, रंग थोडा उतरलाय, वीण तशीच घट्ट आहे. बाळ्याच्या काकांना नाड्या बांधायची गरज पडणार नाही!

मोहोळहून

पुढच्या काचेचं रबर बदललं त्याचं एवढंच सांगतो. रबर आधी काचेला चढवा. आतल्या खाचेत मजबूत नायलॉनची दोरी फिरवा, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून घेऊन आत सोडा. साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको, रबर खराब होतं. एकाने बाहेरून तळहाताने काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची, रबराची कड पत्र्यावर चढत जाते. आणि त्याआधी पत्र्याच्या कडेचा गंज काढून रंग मारा, नाहीतर नव्या रबरातूनही पाणी गळेल. डॅशबोर्डच्या मागचा बहुतेक गंज तिथूनच सुरू होतो.

विजापूर रोडवरून

माझा अनुभव चांगला नाही, पण उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. छताला नवीन फोम, रेक्झिन, दोन दिवे, एक पंखा असं सगळं हौसेने करून घेतलं. वायरिंग करणाऱ्याने पंखा आणि दिवे एकाच वायरवरून जोडले, मधे फ्यूज घातला नाही. वर पॅनेल बसवताना एक स्क्रू वायरीत शिरला असणार. बोरामणीच्या पुढे छतातून धूर आला. गाडी बाजूला घेतली, उतरलो, बॅटरीची वायर पान्याने सोडवेपर्यंत वरचा फोम पेटला होता. जळक्या फोमचा धूर दोन श्वास गेला तरी डोकं गरगरतं. पाण्याचे कॅन होते म्हणून गाडी वाचली. बरोबर माझा बारा वर्षांचा मुलगा होता. तो दिवस अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता करताना आधी वायरिंग पूर्ण केलं. वायरी पाइपातून नेल्या, प्रत्येक जोडणीला वेगळा फ्यूज, बॅटरीजवळ कटऑफ स्विच. पॅनेल झाकण्याआधी वायरी कुठून गेल्यात त्याचे फोटो काढले आणि स्क्रू मोजून आखूड घेतले. आणि पंखा घेण्याआधी आपली गाडी १२ व्होल्टची की २४ ची ते बघा. १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या असतील तर २४. त्यावर १२ चा पंखा लावला तर जळणारच.

जुळे सोलापूरहून

छताचं रेक्झिन दोनदा लोंबलं. दोष उन्हाचा कमी, माझ्या घाईचा जास्त. चिकट द्रव्य फक्त एका बाजूला लावून लगेच दाबत होतो. फेविकॉल एसआर ९९८ सारखं द्रव्य प्लायला आणि रेक्झिनच्या मागे, दोन्हीकडे लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग मधून कडेकडे दाबत जायचं. दारं उघडी ठेवा आणि जवळ बिडी-काडी नको. एक विचारायचं होतं, आतलं एवढं बदलल्यावर आरटीओच्या फिटनेस तपासणीला अडचण येते का?

सर्वांना, आमच्या अंगणातून

आधी प्रश्नाचं उत्तर. गादी, रेक्झिन, पॅनेलं बदलली म्हणून आरसी बदलत नाही. आसनांची संख्या किंवा गाडीची रचना बदलली तर आरटीओची मंजुरी लागते. म्हणून मागे झोपायची फळी मोठी करायचा बेत मी सोडला. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी असतं, तेव्हा आरसे, वायपर, दिवे, सीट पक्की आहे ना, हे आधीच बघून ठेवा. काचांना काळी फिल्म लावू नका, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच ती बंद केली आहे.

विजापूर रोडचा अनुभव वाचून काल दिवसभर फक्त वायरी तपासल्या. छताच्या कोपऱ्यात एक उघडा जोड सापडला, इन्सुलेशन टेप वाळून सुटलेली. तुमच्यामुळे तो सापडला, मनापासून आभार.

मागच्या भिंतीचं जुनं रेक्झिन काढताना लाकडी चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेली मापं दिसली. बॉडीवाल्याच्या हातची, फूट-इंचांत, आणि खाली एका कोपऱ्यात वडिलांचं नाव. वडिलांना बोलावून दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ वाचत उभे राहिले. गाडी बांधली जात असताना ते चौदा दिवस तिथेच शेडमध्ये झोपायला होते, हे मला पहिल्यांदाच कळलं. तेवढी जागा मी न रंगवता ठेवली आहे.

सीट बाळ्याच्या काकांच्या सांगण्यावरून काथ्या आणि ४० च्या फोमची केली. कव्हर साखर पेठेच्या ताईंसारखंच, मधे चादर. आज सकाळी वडिलांना वर चढवून बसवलं. त्यांनी क्लच दाबून पाहिला, आरसा पाहिला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले.

"एक इंच उंच झालीय," म्हणाले.

दुपारी काथ्याचा थर काढून पातळ करतोय.