पासवर्ड अक्षर-अक्षर करून सापडत नाही
हॅकिंगवरच्या व्हिडिओ गेममध्ये खऱ्या कमांड (संगणकाला द्यायच्या लेखी आज्ञा) टाइप करायला लावल्या तर खेळणारा कंटाळेल, असं म्हणतात; हा मुद्दा पटतो. पण कमांड दुय्यम आहेत. कारण आणि परिणाम खरे हवेत. ‘हॅकनेट’ या गेममध्ये (२०१५) युनिक्स या संगणकप्रणालीसारख्या कमांड आहेत, तरी पोर्ट (नेटवर्कवरून संगणकात येण्याचं क्रमांक दिलेलं दार) फोडायला एक प्रोग्राम चालवला की झालं. प्रत्यक्षात पोर्ट २२ उघडा दिसला, तर तिथे बहुधा एसएसएच (दुरून संगणकात लॉगिन करू देणारी सेवा) चालू आहे एवढंच कळतं. आत शिरायला डिजिटल किल्ली, पासवर्ड किंवा एसएसएचच्या त्या आवृत्तीतली त्रुटी लागतेच.

गेममध्ये सगळ्यात खटकतं ते पासवर्डचं एकेक अक्षर ‘सापडत’ जाणं. पासवर्ड साठवतात तो हॅश म्हणून, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या संकेताच्या रूपात; आणि हॅशमध्ये अर्धं बरोबर असं काही नसतं! आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सुमारे २०,८८२ कोटी जुळण्या होतात. पाच चुकांनंतर खातं बंद करणाऱ्या लॉगिन पानावर त्या सगळ्या वापरून पाहणं अशक्य. हॅशची फाइल हाती लागली आणि ती एमडी५ या वेगवान हॅश-पद्धतीची असेल, तर ताकदवान ग्राफिक्स कार्डला काही सेकंद पुरतात. बीक्रिप्ट ही मुद्दाम संथ ठेवलेली पद्धत असेल तर वर्षंही लागू शकतात. हाच पेच खेळणाऱ्यापुढे टाका: फाइल चोरायची, की कर्मचाऱ्याला खोटा मेल धाडायचा? वाट पाहण्याचा वेळ खुशाल कापा, पण पुसायच्या राहिलेल्या लॉगमुळे (संगणकातल्या हालचालींच्या नोंदींमुळे) पुढच्या मिशनमध्ये पहारा वाढलेला दिसू द्या.