माळ्यावर राणीछाप रुपये आणि जुन्या नोटा सापडल्यात, आमसुलाने घासू का?

गुहागरची_सून

नमस्कार मंडळी, गणपतीला गावी आलोय. घर वर्षभर बंद असतं, यंदा माळ्यावर गळतंय म्हणून सामान खाली काढलं तर आजेसासऱ्यांचा एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा निघाला. आत चांदीचे रुपये, काही राणीचे काही राजाचे, भोकाचे पैसे मूठभर, तांब्याची ओबडधोबड जाड नाणी ज्यांच्यावर अर्धं अक्षर आहे अर्धं नाही, एका रुपयावर "इंडिया पोर्तुगेझा" असं काहीतरी, आणि नोटांची एक गड्डी. तिला रबर लावलेलं होतं ते वितळून नोटांनाच चिकटलंय. तांब्याची सगळी हिरवी पडलीत.

आता घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात आमसुलाच्या पाण्यात टाक, समया निघतात तशी लख्ख निघतील. दीर म्हणतात सोनाराकडे मोडीत देऊन टाकू, वाटणीची भानगड नको. आणि नवऱ्याला रील दिसलंय की ट्रॅक्टरच्या पाचच्या नोटेला आणि वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात, त्याने त्या नंबरवर मेसेजपण केलाय, समोरचा "आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" म्हणतोय. आणि हो, तांदळाच्या डब्यातून सासूबाईंच्या जुन्या पाचशेच्या चार नोटाही निघाल्यात, २०१६ ला त्या बदलून घ्यायच्या विसरल्या 😄 नक्की काय करू?

भोकाचा_पैसा

ताई आधी आमसूल कढीत टाका, नाण्याला नको. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी यातलं काहीच नको. समई घासली तर समईच राहते पण नाण्यावरची नक्षी मुळात केसाएवढी उठावाची असते, आंबटाने वरचा थर खाल्ला की राणीचा मुकुट आणि केस सपाट, आणि येतो तो गुलाबी भडक रंग कुठल्याही संग्राहकाला दहा फुटांवरून कळतो. घासलेल्या नाण्याची किंमत धाडकन पडते. चांदीवरचा काळपटपणा तर काही जण मुद्दाम बघून घेतात, तो जुनेपणाचा पुरावा.

हिरवं दोन प्रकारचं असतं. गुळगुळीत, गडद, नखाने न निघणारं असेल तर राहू दे, ते नाण्याचं कवच आहे. पण फिकट हिरवी पावडर असेल, टोकरलं की झडते, खाली खड्डे दिसतात, तर ते खाऱ्या हवेतलं मीठ आत शिरलेलं असतं आणि ते थांबत नाही, नाणं आतून पोखरत जातं. तशी नाणी आधी बाजूला काढा. मेडिकलमध्ये किंवा बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात भिजत ठेवायची आणि रोज पाणी बदलायचं, नळाचं किंवा विहिरीचं पाणी अजिबात नको. मग पुसायचं नाही, टिपायचं, आणि अगदी कोरडी करायची. रबराचा चिकटा नाण्यांवरही असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं, नेलपॉलिश रिमूव्हर नाही कारण त्यात सेंट आणि तेल असतं. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ करू नका प्लीज.

नोटा ओढून सोडवू नका, फाटतील. इस्त्री नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. सध्या गड्डी तशीच दोन टीपकागदांमध्ये ठेवा.

मालवणी_खाजा

गे बाई, आमच्याकडे जून ते सप्टेंबर चपलांना बुरशी येता तर नोटांचा काय! बरं आता सिरीयस. किनाऱ्यावर संग्रह सांभाळायचा तर पावसाळ्यात अल्बम उघडायचाच नाही हा आमचा घरचा नियम. ऑक्टोबर हीट चालू झाली, हवा सुकी झाली की एकदा सगळं बाहेर, पंख्याखाली, उन्हात नाही. मग हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळं जेल गुलाबी झालं की समजायचं ओल प्यायलं, मंद आचेवर गरम केलं की परत निळं.

प्लास्टिकचा अल्बम घेताना नाक वापरा. नव्या रेनकोटसारखा वास मारला तर ते पीव्हीसी, त्यातून काही वर्षांनी हिरवट चिकट पाझरतं आणि चांदीलासुद्धा लागतं. शेजारच्या काकांचा अख्खा अल्बम असा गेला. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, लाकडी पेटीत थेट नाही. नोटांना कसर लागते म्हणून डांबराच्या गोळ्या टाकतात त्यापण नको, प्लास्टिक आणि धातू दोन्हीला त्रास. लॉकरला ठेवा म्हणतील कोणी, पण लॉकर चोरापासून वाचवतो, ओलीपासून नाही, तिथेही सिलिका जेल लागतंच.

निवृत्त_कारकून

आधी त्या मेसेजवाल्याला ब्लॉक करा, मिस्टरांना सांगा पैसे भरू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशाराच दिला होता की बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली लोक फी, कमिशन, टॅक्स मागतायत, बँक असले व्यवहार करत नाही आणि कोणाकडून कधी कमिशन मागत नाही. खरा घेणारा नाणं हातात घेऊन बघतो आणि तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, भरपूर निघालेलं.

पाचशेच्या चार नोटांचं टेन्शन नको. २०१७ चा कायदा आहे, एकूण दहापर्यंत बाद नोटा कोणीही ठेवू शकतं, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्यावर गेलात तर दहा हजारांपर्यंत किंवा नोटांच्या रकमेच्या पाचपट, यातलं जे जास्त तिथपर्यंत दंड. आणि डबा घरात माळ्यावर मिळालाय, जमिनीत पुरलेला नाही हे बरं. उद्या परसात खणताना हंडा मिळाला तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो, कलेक्टरला कळवावं लागतं.

रुपयांचं सांगतो. १९४० च्या आधीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, आणि चांदी जवळपास ९२ टक्के. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, कडेला दात्यांमध्ये एक खाच असते ती बघा. १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा नाहीच, निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो आणि तरी अस्सल असतो. राणीचा मात्र चिकटला तर बनावट. राणीच्या नाण्यावर १८७६ पर्यंत व्हिक्टोरिया क्वीन लिहिलेलं, १८७७ पासून एम्प्रेस. राम-सीता किंवा मारुती असलेलं, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनी लिहिलेलं काही डब्यात असेल तर ते कंपनीने कधी पाडलंच नाही, जत्रेतला माल.

उगाच_शंका

मी थोडं उलट बोलतो, रागवू नका. सगळंच जपायची गरज नाही. भोकाचे पैसे १९४३ ते ४७ ढिगाने निघाले, ते पोरांना खेळायला द्या, मीपण लहानपणी दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचो. पंचम जॉर्जचे झिजलेले रुपये चांदीच्या भावाच्या जरा वर जातात एवढंच, त्यामुळे दीरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. फक्त वेचून द्या, डब्यासकट नको. सोनार वजन करतो, साल बघत नाही. साध्यांतच एखादा वेगळा निघाला तर? १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया शोधा, राजाच्या अंगावरच्या झग्यावर जो हत्ती आहे त्याची सोंड एवढी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला, बोभाटा झाला आणि बहुतेक माल परत घेऊन वितळवला. आणि १९३९ चा सहाव्या जॉर्जचा. हे दोन मोडीत गेले तर मग कपाळाला हात लावा.

बांद्याचा_पाव्हणा

पोर्तुगीज रुपया बघून राहवलं नाही. आमच्या बाजूचे कित्येक जण कामाला गोव्यात, त्यामुळे घरोघरी हे सापडतात. राजा दाढीमिशीवाला आणि साल १८८१ किंवा ८२ असेल तर तो डॉम लुईशचा, वजन आणि चांदी इंग्रजी रुपयाइतकीच. नोटांत "बांको नासिओनाल उल्त्रामारिनो" (गोव्यातल्या पोर्तुगीज नोटा काढणारी बँक) दिसलं तर ती गड्डी अजिबात सोडवायला जाऊ नका, जाणकाराला दाखवा. सहा एस्कुदोचा (पोर्तुगीज चलन) एक रुपया असा हिशेब १९५८-५९ ला आला आणि १९६१ ला गोवा मुक्त झाला, म्हणजे एस्कुदो चालला जेमतेम तीनेक वर्षं.

आणि ती ओबडधोबड तांब्याची, ताई, ती शिवराई असणार बहुतेक! एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति". ठसा मोठा आणि नाणं लहान म्हणून अक्षर अर्धंच येतं. सगळ्या महाराजांच्या काळच्या नसतात हां, नंतर पेशवाईतही पडत राहिल्या, अक्षराचं वळण आणि शुद्धलेखन बघून लोक काळ ठरवतात. दोन आडव्या रेघा मधोमध असतील तर ती दुदांडी, उशिराची. विकणाऱ्याने "महाराजांच्या हातची" म्हटलं की खिसा सांभाळा.

गुहागरची_सून

बाप रे, एवढं! सासूबाईंना वाचून दाखवलं, आमसूल परत बरणीत. मेसेजवाला ब्लॉक. पाचशेच्या नोटा देवघरात ठेवल्यात, त्यांचा हट्ट. डुक्कर रुपया नाही मिळाला. किचनच्या डिजिटल काट्यावर वजन केलं, राणीचे सगळे ११ च्या वर. पण राणीच्या बऱ्याच रुपयांवर साल एकच, १८६२. दीर म्हणतात एकाच सालचे एवढे म्हणजे नक्की डुप्लिकेट.

निवृत्त_कारकून

डुप्लिकेट असतीलच असं नाही. १८६२ हे साल ठशावर पुढे बरीच वर्षं तसंच ठेवलं होतं, खरी सालं १८७४ पासून दिसायला लागतात. त्यातही मुंबई टांकसाळीच्या काही रुपयांवर सालाच्या वर-खाली बारीक ठिपके असतात, त्यावरून तो नेमका कधी पाडला याचा अंदाज लावतात आणि काही ठिपकेवाले कमी मिळतात. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, नाणं कडेला धरा, बोट मधे लावू नका. सालाच्या बाजूचे फोटो इथे टाका, एकेक करून बघू. तोवर दीरांना सोनाराकडे जाऊ देऊ नका.

गुहागरची_सून

दिवसा उजेडात काढते, आत्ता लाईट गेलीय 😅