जुन्या गाडीचं सस्पेन्शन: सगळं एकदम बदलायचं, की तपासून लागेल तेवढंच?

घोडबंदर_रोजचा

गाडी २०१० ची स्विफ्ट पेट्रोल, एमएच ०४ पासिंग, पहिल्यापासून आमच्याचकडे. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करून घेतली, म्हणजे २०३० पर्यंत ती ठेवायची हे घरात पक्कं आहे. रोज कासारवडवली ते माजिवडा आणि परत. पावसाळ्यानंतर पुढून डाव्या बाजूला बारीक खड्ड्यांवर खटखट सुरू झाली, ब्रेक मारला की नाक खाली जातं, आणि पुढचा एक टायर आतल्या कडेने खाल्लाय.

गॅरेजवाल्याने यादी दिली: चारही शॉकअप, चारही स्प्रिंग, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे), लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारे), टाय रॉड एंड, रॅक एंड (दोन्ही स्टिअरिंगचे सांधे), मागच्या अ‍ॅक्सलचे बुश (सांध्यातले रबर). गाडी लिफ्टवर चढवलीच नव्हती. वय आणि किलोमीटर विचारले आणि लिहायला घेतलं.

माझं मत सरळ आहे. गाडी जुनी झाली म्हणजे तिचा प्रत्येक पार्ट गेला असं होत नाही. तपासणीत नापास झालेलं बदलावं, शिवाय ते काढताना जे आपोआप हातात येतं ते बदलावं. बाकीच्याला हात लावू नये. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा, मला खरंच ऐकायचंय.

वाशी_१७

मला पटत नाही. तुम्ही पार्टच्या किमती बघताय, पण लेबर, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि गाडी उभी राहण्याचे दिवसही मोजा. आज लिंक रॉड, दिवाळीला लोअर आर्म, पुढच्या उन्हाळ्यात शॉकअप. लोअर आर्म किंवा स्ट्रट (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड) खोलला की दर वेळी अलाइनमेंट आलंच.

दुसरं, रबराला वय असतं. बुश, माउंट (स्ट्रटचा वरचा आधार), बम्प स्टॉप (शेवटचा दणका झेलणारा) हे सगळं रबर एकाच वर्षी बसलंय, तेच ऊन, तोच पाऊस आणि तेच खड्डे त्याने खाल्लेत. एक फाटला म्हणजे बाकीचेही त्याच वाटेवर आहेत. गाडी पाच वर्षं ठेवायची असेल तर एकदाच खर्च करून मोकळे व्हा. विकायची असती तर मीच म्हटलं असतं, खटखट बंद करा आणि द्या.

टामी_आणि_जॅक

दोघांनीही आधी गाडी जॅकवर घ्यावी, मग वाद घालावा. घरीही बघता येण्यासारखं आहे.

पुढचं चाक हवेत लटकतं ठेवा. वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर तो बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) किंवा व्हील बेअरिंगचा. आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे बघा. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड.

लोअर आर्मच्या बुशला टामी (लोखंडी पहार) लावून आर्म पुढेमागे करा. रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा असणं म्हणजे बुश गेला असं नाही, या वयात त्या दिसणारच. रबर आरपार फाटलं असेल किंवा आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं असेल तर मात्र गेला. तुमचा टायर आतून खातोय, त्यामुळे माझी पहिली शंका इथेच.

लिंक रॉड तपासताना बहुतेक जण चुकतात. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि प्ले लपतो. गाडी चारही चाकांवर उभी असताना हात घालून लिंक हलवा. बारीक खड्ड्यांवरची तुमची खटखट बहुधा तीच निघेल, आणि या सगळ्या यादीतला तो सगळ्यात स्वस्त पार्ट आहे.

शॉकअपवर तेलाचा हलका दमटपणा चालतो. तेल ओघळलेलं असेल, धूळ चिकटून काळा चिखल झाला असेल तर तो संपला. बॉनेट दाबून गाडी किती वेळा डोलते ते मोजण्यावर फार विसंबू नका, त्यात फक्त पार मेलेला शॉकअप पकडला जातो.

ऐरोलीची_चालक

मी रोज ठाणे-बेलापूर रोडने महापेला जाते, दोन्ही बाजूंना ट्रक असतात, म्हणून माझा क्रम वेगळा आहे. पार्टचे दोन ढीग करा. एक, जो तुटला तर गाडी हातातून जाते: बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं होतं, टाय रॉड एंड सुटला की त्या चाकाला स्टिअरिंग उरत नाही. इथे ‘अजून थोडा चालेल’ हे वाक्यच नको. जरासा प्ले किंवा फाटलेला रबरी बूट दिसला तरी बदला, कारण बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि पावसाचं पाणी आत.

दुसरा ढीग आवाजाचा आणि आरामाचा. लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे बुश. हे खिशाप्रमाणे.

@वाशी_१७, एकदम सगळं बदलायला निघालं की बजेट ताणतं, मग लोक पहिल्या ढिगातही स्वस्तातला लोकल माल घालतात. त्यापेक्षा चार पार्ट कमी बदला, पण बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड कंपनीचे किंवा राणेसारख्या नावाजलेल्या बनावटीचे, बिलासकट घ्या.

वाशी_१७

ऐरोलीच्या ताईंचा लोकल मालाचा मुद्दा मान्य. पण शॉकअप आरामाचा पार्ट आहे असं कुणी समजू नये. तो मेला की खराब रस्त्यावर ब्रेक मारल्यावर टायर उड्या मारतो, आणि उडालेला टायर ब्रेक लावू शकत नाही. तुमचं नाक खाली जातंय, म्हणजे पुढचे दोन्ही तर गेलेच. आणि स्ट्रट खोलणारच असाल तर माउंट, त्याचं वरचं बेअरिंग, बम्प स्टॉप, डस्ट कव्हर जुनेच परत घालणार का?

घोडबंदर_रोजचा

ते नाहीच घालणार. ‘काढताना हातात येतं ते’ म्हणालो ते हेच. स्ट्रट बाहेर आला, स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) लागला, वरचा नट सुटला की माउंटचं लेबर वेगळं उरतच नाही. शिवाय गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं की डावीकडे स्प्रिंग ‘टंग’ करून उडी मारते, हात ठेवल्यावर जाणवतं. म्हणजे स्ट्रटचं वरचं बेअरिंग अडकतंय. शॉकअपही डावा-उजवा जोडीनेच.

पण हाच हिशोब मागे लागू होत नाही. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम) आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. मागचा शॉकअप बदलायला कॉम्प्रेसर लागत नाही, काम थोडं आहे आणि मागचं अलाइनमेंटही त्याने हलत नाही. मग तो कोरडा असताना, मागचे टायर सारखे झिजत असताना आज का फेकायचा? मागच्या अ‍ॅक्सलच्या बुशला तर अख्खा बीम खाली घेऊन प्रेस लागतो. ते कारणाशिवाय करायचं काम नाही.

खारघरचा_काका

स्प्रिंगबद्दल कुणी बोललंच नाही. स्प्रिंग शॉकअपसारखी झिजत नाही. सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घ्या. फरक नसेल, गाडी बसलेली नसेल, तर स्प्रिंग राहू द्या. फक्त खालचा शेवटचा वेढा नीट बघा. आपल्या खाडीकाठच्या हवेत रंग तिथेच उडतो, गंज धरतो आणि तिथूनच तुकडा पडतो.

पॉलियुरेथेनचे बुश कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. ते टिकतात, पण कडक असतात. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मापाचा स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा. आपल्या सेक्टरांत आणि सोसायट्यांच्या गेटवर जे अरुंद उंचवटे आहेत त्यांचा प्रत्येक दणका मग थेट बॉडीत येतो.

टामी_आणि_जॅक

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते यादीपेक्षा तीच जास्त पैसे वाचवते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटपर्यंत आवळू देऊ नका. आर्म खाली लोंबलेला असतो, रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश वेळेआधी फाटतो. बोल्ट आधी हलके लावायचे, वजन चाकांवर आलं की मग फायनल टाइट. आणि स्ट्रटचा वरचा नट लावताना चकचकीत रॉड पक्कडीत धरलेला दिसला तर तिथेच थांबवा. रॉडवर ओरखडा उठला की तो सील कापतो आणि नवा शॉकअप तेल सोडायला लागतो.

‘एकदम सगळं’ म्हणणाऱ्यांना माझा विरोध याचसाठी आहे. एका दिवसात इतके सगळे पार्ट बसवायचे असले की नेमकी हीच दोन कामं घाईत होतात.

वाशी_१७

घाई हा कारागिराचा दोष, यादीचा नाही. त्याला दोन दिवस द्या. मागच्या शॉकअपबाबत मी माघार घेतो, अलाइनमेंटचा मुद्दा तिथे लागू नाही हे खरं. पण लोअर आर्मवर ठाम आहे. फक्त बुश प्रेस करून घेऊ नका. बॉल जॉइंट आर्मसोबतच येतो आणि तोही तितकाच जुना आहे. आर्म पूर्ण घ्या, दोन्ही बाजूंचे.

घोडबंदर_रोजचा

शनिवारी गाडी माझ्यासमोर लिफ्टवर चढवून बघितली. डावा लिंक रॉड हाताला खुळखुळतोय. डाव्या आर्मचा मागचा बुश नळीपासून सुटलाय. पुढचे दोन्ही स्ट्रट ओले. टाय रॉड एंड, रॅक एंड घट्ट, बूट शाबूत. स्प्रिंगचं माप दोन्हीकडे सारखं. मागे सगळं कोरडं.

उजव्या आर्मचा बुश ठीक आहे, तरी दोन्ही आर्म पूर्णच घेतोय. वाशीकरांचं कारण मला पटलं: उजवा बॉल जॉइंट नंतर गेला तर तोच आर्म पुन्हा काढा आणि पुन्हा अलाइनमेंट करा. स्ट्रट, माउंट, बेअरिंग, बम्प स्टॉप, लिंक रॉड जोडीने. चारही स्प्रिंग, टाय रॉड एंड, रॅक एंड आणि मागचं सगळं यादीतून काढलं. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर आल्यावरच आवळायचे, हे गॅरेजवाल्याकडून जॉब कार्डवर लिहून घेतलंय.